नान्नजचा माळ आणि साडेआठ हजार चौरस किलोमीटरची रेघ: माळढोक अभयारण्याचा प्रकरण अभ्यास

सोलापूरहून बार्शीकडे जाणाऱ्या रस्त्यावर वीसेक किलोमीटरवर नान्नज हे गाव लागते. महाराष्ट्रात या गावाची ओळख दोन कारणांनी झाली. द्राक्ष बागायतदारांच्या तोंडी असलेले ‘सोनाका’ आणि ‘शरद सीडलेस’ हे वाण याच गावच्या नानासाहेब काळे यांनी निवडीतून पुढे आणले, आणि त्याच गावच्या कुसळी-पवन्या या गवतांच्या माळावर माळढोक हा देशातील सर्वांत दुर्मीळ पक्ष्यांपैकी एक पक्षी पावसाळ्यात विणीला येत असे. आज द्राक्षबागा बहरलेल्या आहेत. माळढोकाची गणना मात्र गेल्या काही वर्षांत एखाददुसऱ्या पक्ष्यावर, कधी शून्यावर येऊन थांबते. या दोन गोष्टी एकाच शिवारात, एकाच चाळीस वर्षांत घडल्या. त्या दोहोंच्या मध्ये एक अभयारण्य होते, कायद्याने घोषित केलेले आणि काही काळ कागदावर अतिशय विस्तीर्ण असलेले, आणि तरीही पक्षी टिकला नाही. हे कसे घडले, याची मांडणी येथे केली आहे.

पक्षी आणि त्याची जमीन

माळढोक हा जमिनीवर राहणारा मोठा पक्षी आहे. उभा नर सुमारे एक मीटर उंच असतो आणि त्याचे वजन पंधरा किलोच्या आसपास जाऊ शकते, म्हणजे उडू शकणाऱ्या पक्ष्यांमध्ये तो सर्वांत जड पक्ष्यांपैकी एक ठरतो. मादी बहुधा वर्षाला एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर, आणि सुमारे 27 दिवस ते उबवते. या काळात कुत्रा, खोकड, कावळा किंवा नुसता माणसांचा वावर एवढ्यानेही त्या वर्षीची वीण वाया जाते. विणीच्या हंगामात नर उंचवट्याच्या मोकळ्या जागी गळ्याची पिशवी फुगवून घुमतो, आणि त्या ‘हूम’ आवाजामुळे पक्ष्याला ‘हूम’ हेही नाव मिळाले आहे. ही जागा चहूबाजूंनी मोकळी लागते, कारण दूरवर दिसणे हेच या पक्ष्याचे संरक्षण आहे. झाडांची दाटी त्याला चालत नाही. समोरचे पाहण्याची त्याची क्षमता तोकडी असल्याने आणि जड शरीर ऐनवेळी वळवता येत नसल्याने विजेच्या तारांवर आदळून तो मरतो.

या पक्ष्याला फक्त गवताळ माळ पुरत नाही, हे ध्यानात घेतल्याखेरीज पुढचे प्रकरण कळणार नाही. विणीसाठी त्याला शांत, कुंपणाआडचा माळ हवा असतो, पण उरलेले वर्ष तो आसपासच्या कोरडवाहू शेतांत काढतो. ज्वारीच्या ताटांत, भुईमुगाच्या आणि तुरीच्या रानात, बांधावरच्या बोरींखाली तो नाकतोडे, टोळ, सरडे, बोरे आणि सांडलेले दाणे टिपत फिरतो. सोलापूर हे रब्बी ज्वारीचे कोठार. साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पावसात, मालदांडीसारख्या वाणावर उभी राहिलेली ही शेती शतकानुशतके माळढोकाला सामावून घेत आली. शेतकऱ्याने त्याच्यासाठी मुद्दाम काही केले नव्हते. त्याची शेतीच पक्ष्याला मानवणारी होती.

1972च्या दुष्काळानंतर अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली नान्नजच्या माळावर चर खोदून, चराई थांबवून गवताचे संरक्षण सुरू झाले. सोलापूरचे निसर्गअभ्यासक बी. एस. कुलकर्णी यांनी येथील माळढोकांकडे वन खात्याचे आणि पक्षीशास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. 1980च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने असद रहमानी यांच्या पुढाकाराने मध्य प्रदेशातील करेरा, आंध्र प्रदेशातील रोलापाडू आणि आपले नान्नज अशा ठिकाणी या पक्ष्याचा दीर्घ अभ्यास केला. त्या काळी नान्नज हे देशभरच्या पक्षीअभ्यासकांच्या नकाशावरचे मोठे नाव होते.

1979ची अधिसूचना

राज्य शासनाने 1979 साली माळढोक अभयारण्य घोषित केले. त्यात सोलापूर जिल्ह्यातील उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील कर्जत, श्रीगोंदे, नेवासे या तालुक्यांचा प्रदेश आला, आणि क्षेत्र भरले सुमारे 8,496 चौरस किलोमीटर. हा आकडा किती मोठा आहे ते कळण्यासाठी एवढे पुरे की संपूर्ण गोवा राज्य 3,702 चौरस किलोमीटरचे आहे. अभयारण्याच्या रेघेच्या आत गावे होती, बाजारपेठांची शहरे होती, महामार्ग आणि लोहमार्ग होते, साखर कारखाने होते आणि लक्षावधी माणसे होती. या क्षेत्राचा फार मोठा भाग खासगी मालकीच्या शेतजमिनीचा होता. वन खात्याच्या ताब्यातील जमीन माळांच्या तुकड्यांच्या रूपात विखुरलेली होती.

एवढे मोठे क्षेत्र घेण्यामागचा विचार मुळात चुकीचा नव्हता. पक्षी विणीनंतर दूरवर पांगतो, तेव्हा माळाच्या दोन-चार तुकड्यांना कुंपण घालून भागणार नाही, हे कोणाला तरी नेमके उमगले होते. चूक झाली ती हत्यार निवडण्यात. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील अभयारण्य ही कल्पना वनजमीन डोळ्यांसमोर ठेवून घडलेली आहे. अधिसूचना निघाल्यावर त्या क्षेत्रातील जमिनीवर वारसाहक्क वगळता नवा हक्क निर्माण होऊ शकत नाही, असे कलम 20 सांगते. जंगलाच्या बाबतीत ही तरतूद योग्य आहे, पण खरेदी-विक्री, कर्ज, वाटण्या आणि बिगरशेती परवाने यांवर ज्यांचे रोजचे व्यवहार चालतात अशा सात तालुक्यांना ती लागू करणे म्हणजे प्रत्येक शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर एक न दिसणारा बोजा चढवणे होते. हक्कांची चौकशी करणे, मोबदला देणे किंवा क्षेत्र वगळणे ही कायद्यात सांगितलेली कामे एवढ्या प्रदेशात करायला ना माणसे होती ना पैसा.

पहिली काही वर्षे त्रास फारसा जाणवला नाही, कारण कायदा कागदावरच होता. पुढे 1991च्या दुरुस्तीने अभयारण्याची सीमा बदलण्याचा अधिकार राज्य सरकारच्या एकट्याच्या हातून गेला, आणि 2000 साली सर्वोच्च न्यायालयाने अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्याने आपल्या परवानगीवाचून रद्द करू नयेत असा आदेश दिला. देशातील असंख्य जंगलांना या आदेशाने वाचवले, आणि मी त्याबद्दल कृतज्ञच आहे. पण त्यामुळे चुकीची आखलेली रेघसुद्धा तितकीच पक्की झाली. आता रस्ता रुंद करायचा, कालव्याची चारी काढायची, उद्योगाला जमीन द्यायची, तर प्रस्ताव वन्यजीव मंडळाच्या पायऱ्या चढू लागला. गावोगावच्या सभांत आणि निवडणुकीच्या भाषणांत ‘माळढोक’ हा शब्द अडवणुकीच्या अर्थाने रुळला. ज्या शेतकऱ्याने आयुष्यात एकदाही माळढोक पाहिला नव्हता, त्याचाही जमिनीचा व्यवहार माळढोकाने अडवला होता.

या नाराजीला काळविटांनी भर घातली. संरक्षणामुळे माळावर काळवीट वाढले, ही गोष्ट आनंदाची. कर्जत तालुक्यातच रेहेकुरी येथे काळविटांसाठी जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचे वेगळे अभयारण्य 1980पासून आहे. पण काळविटांचे कळप रात्रीत हरभऱ्याचे कोवळे पीक फस्त करतात, आणि नुकसानभरपाईचे अर्ज, पंचनामे आणि हेलपाटे यांत शेतकऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो. माळढोकाने पिकाचे नुकसान केल्याची तक्रार सहसा होत नसे, तरी अभयारण्य त्याच्या नावाचे असल्याने रोष त्याच्याच वाट्याला आला. मध्य प्रदेशात करेरा येथेही हेच झाले होते: खासगी जमिनीवर अभयारण्य, व्यवहारांवर बंदी, वाढलेल्या काळविटांचा उपद्रव, त्यातून लोकांचा राग, आणि 1990च्या दशकात पक्षी दिसेनासे होणे. तेथील अभयारण्य अखेर रद्दच करण्यात आले. करेऱ्याचा धडा समोर असताना सोलापुरात बदल करायला आपण दोन दशके घेतली, याचे मला फार वाईट वाटते.

पाणी आले

ज्या सुमारास अभयारण्याची अधिसूचना निघाली, त्याच सुमारास भीमा नदीवरील उजनी धरण पुरे झाले. एकाच शासनाने, एकाच भूप्रदेशासाठी, एकाच वेळी दोन निर्णय घेतले. एका निर्णयाने माढा, मोहोळ, करमाळा हे तालुके कोरडवाहू माळाच्या पक्ष्यासाठी राखले, तर दुसऱ्याने त्याच पट्ट्यातली शेती बागायती करण्याची तयारी केली. या दोन निर्णयांची एकमेकांशी गाठ घालून देणारा एकही कागद कोणी केला नाही. माझ्या मते या प्रकरणाचे मर्म येथे आहे, आणि पुढचे सगळे त्यातून ओघाने आले.

कालव्यांनी ऊस आणला, आणि सोलापूर हा राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांपैकी एक झाला. जिथे कालवा पोचला नाही तिथे विंधन विहिरी, शेततळी आणि ठिबक पोचले, आणि नान्नज परिसरात द्राक्षाने जम बसवला. माळढोकाच्या दृष्टीने या बदलाचा अर्थ असा, की उसाच्या फडात तो शिरू शकत नाही आणि त्याला पलीकडचे दिसत नाही. द्राक्षबागेत लोखंडी अँगल, तारांचे मांडव आणि वर्षभर माणसांचा वावर असतो. वारंवारच्या फवारण्यांनी नाकतोडे-टोळ मरतात, आणि तेच पिलांचे मुख्य खाद्य. प्रत्येक नव्या विहिरीबरोबर विजेचे खांब आणि तारा येतात. ज्वारीच्या रानात वर्षातले कितीतरी दिवस माणूस फिरकत नसे. बागेत मात्र रोज मजूर, ट्रॅक्टर आणि त्यांच्यामागे गावाची कुत्री येतात.

हे सारे करणाऱ्या शेतकऱ्याला दोष देणे मला अन्यायाचे वाटते. दुष्काळी टापूत पिढ्यान्‌पिढ्या रोजगार हमीच्या कामांवर खडी फोडलेल्या घरातला मुलगा एकरभर द्राक्षावर घर उभे करू शकला, तर त्याला ‘ज्वारीच कर’ असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही, आणि ज्वारी करण्याबद्दल त्याला काहीच न देता तर मुळीच नाही. कायद्याने त्याला जमीन विकू दिली नाही, पण त्याच जमिनीत ज्वारीऐवजी ऊस लावण्यापासून रोखले नाही, कारण पिकाच्या निवडीवर अभयारण्याच्या कायद्याची सत्ता व्यवहारात चालत नाही. म्हणजे पक्ष्याला ज्याने काहीच इजा होत नव्हती ते अडवले गेले, आणि ज्याने त्याचा अधिवास संपला ते बिनबोभाट चालू राहिले.

माळाच्या तुकड्यांवरही सगळे ठीक नव्हते. गवताळ माळ म्हणजे पडीक जमीन, हा महसुली दृष्टिकोन वन खात्यातही खोल रुजलेला आहे. पडीक म्हटले की झाडे लावायची, या न्यायाने माळावर गिरिपुष्प आणि इतर झाडांची लागवड झाली. चंडोल आणि धाविक हे पक्षी, खोकड, लांडगा, काळवीट यांचे घर असलेली मोकळी जागा झुडपांनी भरू लागली. नान्नजला पुढे ही झाडे काढण्याचे काम हाती घेतले गेले, हे वन खात्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे. पण झाड तोडून अभयारण्य सुधारते हे लोकांना पटवणे त्यांना किती जड गेले असेल याची कल्पना करता येते. शाळकरी मुलांना आपण वर्षानुवर्षे ‘झाडे लावा’ एवढेच शिकवत आलो आहोत.

रेघ आखडली

क्षेत्राची फेरआखणी करण्यासाठी विश्वास सावरकर यांच्यासारख्या अनुभवी वन्यजीवतज्ज्ञाच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, न्यायालयीन प्रक्रिया पार पडली आणि 2012 साली अभयारण्याचे क्षेत्र 1,222 चौरस किलोमीटरवर आले. मूळ क्षेत्राच्या सातव्या हिश्श्याच्या आसपास. गावोगाव सुटकेचा नि:श्वास टाकला गेला आणि तो रास्त होता. त्याच सुमारास, 2011 साली, आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने माळढोकाला ‘अतिसंकटग्रस्त’ या गटात टाकले.

2020 साली केंद्र सरकारने अभयारण्याभोवती पर्यावरण संवेदनशील क्षेत्र, म्हणजे काही कामांवर बंधने असलेला पट्टा, जाहीर केले. त्याची रुंदी सीमेपासून 400 मीटर आणि क्षेत्र 591 चौरस किलोमीटर. या दोन आकड्यांकडे जरा थांबून पाहिले तर अभयारण्याचा खरा आकार दिसतो. 400 मीटर रुंदीचा पट्टा 591 चौरस किलोमीटर भरायचा असेल तर त्याची लांबी ढोबळमानाने 1,475 किलोमीटर लागते. 1,222 चौरस किलोमीटरचा एकसंध चौकोन काढला तर त्याची परिमिती 140 किलोमीटरच्या आत राहते. म्हणजे आज ज्याला आपण अभयारण्य म्हणतो ते एक सलग क्षेत्र नसून शेतीत विखुरलेले असंख्य तुकडे आहेत, आणि जवळजवळ प्रत्येक तुकडा कडेकडेनेच बनलेला आहे. कडा जितकी लांब तितके कुत्रे, तारा, फवारणीचे वारे आणि जनावरे आत शिरण्याचे रस्ते अधिक.

फेरआखणीचा निकष काय असावा, हा खरा प्रश्न होता. जमीन कोणाच्या मालकीची आहे ते पाहून रेघ आखली की सरकारी तुकडे आत राहतात आणि खासगी शेते बाहेर जातात. प्रशासनाला हे सोयीचे असते आणि लोकांना न्याय्यही वाटते. पण माळढोक सातबारा पाहून चालत नाही. त्याच्या वर्षातल्या बहुतेक महिन्यांचे घर जी कोरडवाहू शेती, तिला पूर्वी निरुपयोगी का होईना पण नाव होते. आता तिला काहीच नाव उरले नाही.

क्षेत्र मुळातच लहान ठेवले असते तर काम झाले असते का, याचे उत्तर रोलापाडूने दिले आहे. कर्नूल भागातील ते अभयारण्य 1988 साली अवघे 6.14 चौरस किलोमीटरचे घोषित झाले, खासगी जमिनीचा तंटा नाही, लोकांची अडवणूक नाही. सुरुवातीची वर्षे चांगली गेली. मग भोवतालच्या शिवारात कालव्याचे पाणी खेळू लागले, पिके बदलली, आणि गवताचे राखलेले मैदान जागेवर असूनही पक्षी जवळजवळ नाहीसे झाले. नान्नजला रेघ फार मोठी होती, रोलापाडूला फार लहान, आणि दोन्हीकडे पक्षी गेला तो रेघेला न कळणाऱ्या कारणाने: शेतीच्या बदलत्या रूपाने.

काय करता आले असते, आणि काय अजून करता येईल

2002च्या दुरुस्तीने कायद्यात संवर्धन राखीव आणि सामुदायिक राखीव अशा दोन नव्या तरतुदी आल्या. सामुदायिक राखीव हे खासगी किंवा गावाच्या जमिनीवर, मालकांच्या संमतीने आणि त्यांच्याच व्यवस्थापन समितीने चालवायचे असते. विणीच्या माळाभोवतीच्या काही गावांत ही वाट चोखाळून पाहता आली असती. तिच्या जोडीला कोरडवाहू ज्वारी, भुईमूग, करडई करणाऱ्या शेतकऱ्याला एकरी ठरावीक रक्कम, घरट्याची खबर देणाऱ्याला व पीक काढणी तेवढ्या तुकड्यात लांबवणाऱ्याला मोबदला, आणि पाण्याच्या नव्या जोडण्या व वीजवाहिन्या देताना माळाजवळचा पट्टा वगळण्याचा सिंचन, महावितरण आणि वन या तीन खात्यांचा एकत्रित नकाशा, एवढे लागले असते. यातली एकही गोष्ट अशक्य कोटीतली नव्हती. सात तालुक्यांतल्या जमीनव्यवहारांची अडवणूक सांभाळण्यात प्रशासनाचा जेवढा वेळ आणि न्यायालयांचे जेवढे दिवस खर्ची पडले, त्याच्या अंशात हे झाले असते असे मी मानतो.

राजस्थानात हीच चूक वेगळ्या वेशात उभी राहिली. जैसलमेरच्या वाळवंटात सौर आणि पवन ऊर्जेच्या वाहिन्यांचे जाळे माळढोकांच्या वाटेत आले. वन्यजीव संवर्धक एम. के. रणजितसिंह यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली तारा जमिनीखालून नेण्याचे आदेश दिले, आणि 2024 साली विस्तीर्ण क्षेत्रावरचा तो सरसकट आदेश व्यवहार्य नाही असे म्हणून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला. तेथेही वाद पुन्हा किती चौरस किलोमीटर, यावरच फिरला. एक गोष्ट मात्र तेथे झाली जी महाराष्ट्रात पक्षी असताना झाली नाही: 2019पासून रानातली अंडी आणून कृत्रिमरीत्या उबवण्याचे आणि पिंजऱ्यात वंश वाढवण्याचे केंद्र सुरू झाले, आणि तेथे जन्मलेल्या पिढीलाही आता पिले होत आहेत.

त्या पक्ष्यांना पुढेमागे मोकळ्या माळांवर सोडण्याचा विचार होईल तेव्हा दख्खनचे नाव निघणे स्वाभाविक आहे. नान्नजचा माळ अजून आहे. त्यावर कुसळी आणि शेडा हे गवत वाढते, काळविटांचे कळप आहेत, लांडग्यांची बिळे आहेत, हिवाळ्यात ससाण्यांची ये-जा असते. माळढोक नाही म्हणून तो माळ मोकळा समजून कोणी त्यावर प्रकल्पाचा नारळ फोडू नये, एवढ्यासाठी तरी अभयारण्याची आजची रेघ मोलाची आहे. पण सोडलेला पक्षी विणीनंतर उडून जाईल तो मार्डीच्या, अकोलेकाटीच्या, कारंब्याच्या शिवारात, आणि तेथे त्याला ज्वारी मिळते की मांडव आणि तारा, हे अभयारण्याचा कायदा ठरवणार नाही. पर्यावरण संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेनुसार राज्याने स्थानिक लोकांना विश्वासात घेऊन त्या पट्ट्याचा क्षेत्रीय आराखडा करायचा असतो. पिकांचा, पाण्याचा आणि विजेच्या तारांचा विचार एकत्र करण्याची जागा असलेला, 1979 साली न झालेला तो कागद हाच आहे, आणि तो करताना वन अधिकाऱ्यांच्या शेजारी नान्नजच्या द्राक्ष बागायतदाराला, कोरडवाहू ज्वारीवाल्याला आणि माळावर मेंढरे चारणाऱ्या धनगरालाही बसवले गेले पाहिजे.